शब्द फोडून पाहू या : लांबलचक इंग्रजी शब्दांवर वाचकांचे प्रश्न

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की त्याची अक्षरं झाकली जातात. म्हणून जिथे गरज आहे तिथे स्पेलिंग सुटं करून दिलं आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि प्रत्येक शब्द आपल्या हातानं मोजा. मोबाइलवर फिरणाऱ्या अशा याद्यांमध्ये निम्मी चूक मोजण्याचीच असते.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या प्रश्नमंजूषेत ‘पाचही स्वर ओळीनं येणारा एकमेव इंग्रजी शब्द कोणता?’ असा प्रश्न होता आणि उत्तर ‘फसीशस’ दिलं होतं. एका मुलीनं दुसराच शब्द लिहिला. तिला गुण द्यावेत का? — एक शिक्षिका, वाई

जरूर द्या. चूक प्रश्नातल्या ‘एकमेव’ या शब्दाची आहे.

फसीशस म्हणजे एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदाच आणि क्रमानं येतात. अर्थ : गंभीर बोलणं चाललेलं असताना ते थट्टेवारी नेणारा. पण याच घडणीचा ॲब्स्टीमिअस आहे : ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस. अर्थ मिताहारी, खाण्यापिण्यात हात आखडणारा. याच्या पोटात मद्याचा लॅटिन शब्द आहे, म्हणजे मूळ अर्थ ‘दारूपासून लांब राहणारा’ असा. तिसरा आर्सेनिअस : ए-आर-एस-ई-एन-आय-ओ-यू-एस. आपण ज्याला सोमल म्हणतो तो आर्सेनिअस ऑक्साइड. चौथा, फक्त आठ अक्षरांचा सीझिअस : सी-ए-ई-एस-आय-ओ-यू-एस, म्हणजे निळसर करडा. तो वनस्पतिशास्त्राच्या वर्णनांत भेटतो. चौघांचं शेपूट सारखंच आहे, आय-ओ-यू-एस. हे लॅटिनमधून आलेलं विशेषणाचं शेपूट आहे आणि त्यात तीन स्वर आयतेच क्रमानं बसलेले असतात. म्हणजे शोधायचं काय, तर या शेपटाआधी फक्त ए आणि ई, त्याच क्रमानं, असलेला शब्द.

उलट्या क्रमाचेही आहेत. सबकॉन्टिनेंटल, म्हणजे उपखंडातला, यात यू, ओ, आय, ई, ए असे स्वर उलटे येतात. अनकॉम्प्लिमेंटरीतही तेच, फक्त शेवटी वाय जास्तीचा.

पुढच्या वेळी प्रश्न काढताना तीन गोष्टी आधी सांगा : क्रम हवा की नको, प्रत्येक स्वर एकदाच हवा की पुन्हा आला तरी चालेल, आणि वाय हा स्वर धरायचा की नाही. लहान वर्गांसाठी क्रमाची अट काढून टाका. मग एज्युकेशन, इक्वेशन, आणि मंडईतला फ्लॉवर म्हणजे पूर्ण नावानं कॉलिफ्लॉवर, हे तिन्ही मुलांना सहज सापडतात.

प्रश्न : द्राक्षबागेसाठी झिंकचा पुडा आणला. त्यावर इंग्रजीत एक फूटभर नाव होतं आणि खाली ई.डी.टी.ए. लिहिलं होतं. दुकानदार म्हणतो, साधं झिंक सल्फेट घ्या, दोन्ही एकच. एकच आहे का? आणि त्या नावाचा अर्थ काय? — एक बागायतदार, तासगाव

दोन्ही एक नाहीत, आणि फरक त्या फूटभर नावातच लिहिलेला आहे.

नाव आहे एथिलीनडायअमाइनटेट्राॲसिटिक ॲसिड. पहिल्याच शब्दात २६ अक्षरं आहेत. चार तुकड्यांत फोडा : एथिलीन आठ, डायअमाइन सात, टेट्रा पाच, ॲसिटिक सहा. चौघांची पहिली अक्षरं घेतली की ई, डी, टी, ए. टेट्रा संपतं ‘ए’नं आणि ॲसिटिक सुरू होतं ‘ए’नं, म्हणून जोडावर दोन ए शेजारीशेजारी येतात. पुष्कळ जण त्यातला एक खातात आणि अक्षरं २५ भरतात.

आता अर्थ. एथिलीन म्हणजे दोन कार्बनचा छोटा पूल. डायअमाइन म्हणजे त्या पुलाच्या दोन टोकांना एकेक नायट्रोजन. ‘डाय’ म्हणजे दोन. टेट्रा म्हणजे चार. ॲसिटिक म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा तुकडा. प्रत्येक नायट्रोजनला असे दोन, मिळून चार हात. दोन नायट्रोजन आणि चार हात अशा सहा ठिकाणांहून हा रेणू झिंकच्या कणाला धरतो. अशा धरण्याला चिलेट म्हणतात. हा शब्द रसायनशास्त्रात १९२० मध्ये आला, आणि त्याचं मूळ ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांग्यात आहे. कृष्णाकाठी ज्यानं खेकडा हातानं धरून पाहिला असेल त्याला ही पकड वेगळी समजावून सांगायला नको.

ही पकड कशासाठी? आपली काळी जमीन बहुधा चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. साधं झिंक सल्फेट अशा मातीत टाकलं की झिंक बरंचसं मातीत अडकतं आणि मुळांना मिळत नाही. ठिबकच्या टाकीत त्याच्यासोबत बारा-एकसष्ट-शून्य हे फॉस्फेटचं खत टाकलं तर झिंक आणि फॉस्फेट एकत्र येऊन पांढरा साका तयार होतो आणि ड्रीपर बुजतात. नांग्यात धरलेलं झिंक इतक्या सहज अडकत नाही. तरी मिश्रण करण्याआधी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात थोडंसं कालवून अर्धा तास ठेवा. गढूळ झालं किंवा तळाला काही बसलं तर टाकीत एकत्र टाकू नका.

आकडेही वाचा. ई.डी.टी.ए.च्या पुड्यात झिंक १२ टक्के असतं. झिंक सल्फेटच्या पिशवीवर हेप्टाहायड्रेट लिहिलं असेल तर २१ टक्के, मोनोहायड्रेट असेल तर ३३ टक्के. हाही शब्दांचाच खुलासा आहे. हेप्टा म्हणजे सात, मोनो म्हणजे एक, हायड्रेट म्हणजे पाणी. हेप्टाहायड्रेटच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे सात रेणू चिकटलेले असतात, म्हणून त्याच वजनात झिंक कमी बसतं. किंमत किलोवर न पाहता झिंकच्या टक्क्यावर पाहा.

आणखी एक सावधगिरी. लोहाच्या पुड्यावर कधी ई.डी.टी.ए. असतं, कधी ई.डी.डी.एच.ए. वरवर पाहता थोड्याच अक्षरांचा फरक. पण सामू सात ओलांडला की पहिल्याची लोहावरची पकड सुटते, त्याच्या नांग्यात चुन्यातला कॅल्शियम शिरतो. दुसरा चुनखडीच्या जमिनीतही लोह धरून ठेवतो. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील, आणि खत जमिनीतून द्यायचं असेल, तर ही अक्षरं चष्मा लावून वाचा. किती द्यायचं ते मात्र माती आणि देठ परीक्षणाच्या अहवालावरून ठरवा.

प्रश्न : मी इंग्रजी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते. फक्त डाव्या हातानं किंवा फक्त उजव्या हातानं टाइप होणारे लांब शब्द सरावासाठी हवेत. — एक विद्यार्थिनी, कराड

डाव्या हाताला स्ट्युअर्डेसेस द्या : एस-टी-ई-डब्ल्यू-ए-आर-डी-ई-एस-एस-ई-एस. बारा अक्षरं. अर्थ हवाईसुंदरी, अनेकवचनी. यात डब्ल्यू आणि एस ही दोन्ही अनामिकेची, तर ई आणि डी ही दोन्ही मधल्या बोटाची. वेग वाढला की नेमका शेवटचा ‘एसेस’ चुकतो, एक एस गळतो. आधी फक्त ई-एस-एस-ई-एस एवढंच पंचवीस वेळा सावकाश मारा, मग पूर्ण शब्द घ्या. दुसरा रिव्हर्बरेटेड, म्हणजे घुमलेला, निनादलेला. यातला बी डाव्या तर्जनीचा आहे, पण पुष्कळांचं उजवं बोट तिकडे धावतं. याहून लांब हवा असेल तर आफ्टरकॅटरॅक्ट. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आत ठेवलेला मूळ पडदा पुढे कधी धुरकट होतो, त्याचं हे नाव. अक्षरं १३, अनेकवचनी १४, सगळी डावीकडची.

उजव्या हाताला सोपा लॉलीपॉप आहे, नऊ अक्षरांचा पॉलिफनी, म्हणजे अनेक स्वररेषा एकत्र चालणारं संगीत, तोही आहे. पण खरा मासला म्हणजे हायपोलिम्निऑन : एच-वाय-पी-ओ-एल-आय-एम-एन-आय-ओ-एन. अकरा अक्षरं. पी करंगळीनं मारायचा आहे, अनामिकेनं नाही. एम आणि एन दोन्ही तर्जनीचे असल्यामुळे तिथे हात अडखळतो.

याचा अर्थ कराडकरांना जवळचा वाटेल. हायपो म्हणजे खालचा, लिम्नी म्हणजे ग्रीकमध्ये तळं. कोयनेच्या शिवसागरासारख्या खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं थंड, जड पाणी तळाशी पडून राहतं. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. तळाच्या त्या थंड थराचं नाव हायपोलिम्निऑन. वरून हवा पोचत नाही म्हणून तिथला प्राणवायू हळूहळू संपतो. खोल जलाशयाच्या तळातून घेतलेल्या पाण्याला कधी कुबट वास येतो तो यामुळे.

दोन्ही हातांची लय बसवायची असेल तर डिसमँटलमेंट घ्या : डी-आय-एस-एम-ए-एन-टी-एल-ई-एम-ई-एन-टी. तेरा अक्षरं, डावा-उजवा-डावा-उजवा, शेवटपर्यंत एकदाही हात बदलायचा चुकत नाही. अर्थ, सुटे भाग करून मोडणं. रोज सरावाच्या सुरुवातीला याच्या दोन ओळी मारल्या तर बोटं मोकळी होतात.

कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या अक्षरांचा सगळ्यांत लांब शब्द टाइपरायटर असं सांगतात, तेही तपासून घ्या. टाइपरायटर, प्रोप्रायटर, पर्पेच्युइटी, रेपर्ट्वार, चौघेही दहा अक्षरांचे. रप्चरवर्ट या वनस्पतीचं नाव अकरा अक्षरांचं आहे आणि तेही वरच्याच ओळीतलं. मधल्या ओळीत अल्फाल्फा बसतो, म्हणजे आपला लसूणघास. खालच्या ओळीत एकही स्वर नाही, त्यामुळे तिथे शब्द शोधू नका.

प्रश्न : आमचा एकांकिकांचा गट आहे. ‘अंडरस्टडी’ या शब्दात म्हणे इंग्रजी वर्णमालेतली चार अक्षरं ओळीनं आहेत. असे आणखी शब्द आहेत का? — एक रंगकर्मी, सांगली

आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अंडरस्टडीचं स्पेलिंग यू-एन-डी-ई-आर-एस-टी-यू-डी-वाय. मधले आर-एस-टी-यू ओळीनं. तुलनेला अंडरस्टँड घ्या : तिथे आर-एस-टी येऊन पुढे ए लागतो, साखळी तुटते. तीन अक्षरांची साखळी सोपी आहे. फर्स्ट, बर्स्ट, थर्स्टी, सगळीकडे आर-एस-टी आहे. चारसाठी ‘अंडर’ किंवा ‘ओव्हर’सारखा ‘आर’नं संपणारा उपसर्ग आणि त्यापुढे एस-टी-यूनं सुरू होणारा शब्द अशी जोडणी लागते. ओव्हरस्टफ, म्हणजे ठासून भरणं, हा असाच तयार झाला.

एम-एन-ओ-पी ही चौकडी लिम्नोफाइल या शब्दात आहे. वरच्या उत्तरातलाच लिम्नी, आणि फाइल म्हणजे आवडणारा. तळ्यात, डबक्यात राहणं पसंत करणारा जीव.

अंडरस्टडी म्हणजे दुसऱ्याची भूमिका पूर्ण पाठ करून विंगेत तयार राहणारा नट. मुख्य नट आजारी पडला तर त्यानं त्याच संध्याकाळी उभं राहायचं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ ज्या गावात झालं तिथल्या मंडळींना या कामाचं मोल सांगायला नको. मराठीत याला एकच ठरलेला शब्द रुळलेला नाही. ‘बदली नट’ हा आम्हांला सर्वांत सरळ वाटतो.

याला लागूनच एक वेगळी जात आहे. सबंध शब्दच वर्णमालेच्या क्रमानं चालणारा. ऑलमोस्ट, बिगिन्स, बायॉप्सी, चिंट्झ. आठ अक्षरांचा ईजिलॉप्स आहे : ए-ई-जी-आय-एल-ओ-पी-एस. हे गव्हाच्या भावकीतल्या रानगवताचं नाव. चपातीच्या साध्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, त्यातली १४ ईजिलॉप्स टाउशी या रानगवताकडून आली आहेत. खपली गव्हात २८ गुणसूत्रं, कारण हा संच त्याच्यात आलेलाच नाही. खपली आणि साधा गहू यांच्या पिठाची वागणूक वेगळी असण्यामागे हेही एक कारण आहे. उलट्या क्रमाचा राँग्ड, डब्ल्यू-आर-ओ-एन-जी-ई-डी, म्हणजे जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती. स्पूनफीड त्याहून लांब, नऊ अक्षरांचा, पण बरेच शब्दकोश तो मध्ये रेघ देऊन छापतात. स्पर्धेत वापरण्याआधी कोणता कोश प्रमाण धरायचा ते जाहीर करा.

प्रश्न : रोटाव्हेटर हा शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो असं ऐकलं. मग ट्रॅक्टरच्या आरशात तो सरळ का दिसत नाही? — एक शेतकरी, पलूस

कारण उलट क्रम आणि आरशातली प्रतिमा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

स्पेलिंग आर-ओ-टी-ए-व्ही-ए-टी-ओ-आर. मध्ये व्ही, दोन्ही बाजूंना तीच चार-चार अक्षरं. मागून वाचलं तरी तेच. पण आरसा क्रमासोबत प्रत्येक अक्षरही पालथं करतो. मोठ्या लिपीतली ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही अकरा अक्षरं मधोमध रेघ मारली तर दोन्हीकडे सारखी असतात. ती आरशात बदलत नाहीत. रोटाव्हेटरमधली आतली सातही अक्षरं या अकरांत बसतात. अडतं ते फक्त दोन टोकांच्या आर-पाशी. आरचं पोट आणि पाय उजवीकडे असतात, आरशात ते डावीकडे जातात. यंत्राच्या पत्र्यावरचं नाव मोठ्या लिपीत असेल तर आरशात नीट पाहा. दोन आर सोडून मधलं सगळं सरळ वाचता येईल.

हा शब्द रोटरी कल्टिव्हेटर या दोन शब्दांतून कातरून जोडलेला आहे. काही जण मधल्या ए-ऐवजी ओ घालून रोटोव्हेटर लिहितात. कोशात तेही रूप आहे, पण मग उलटसुलट गंमत बिघडते, कारण व्हीच्या एका बाजूला ओ आणि दुसऱ्या बाजूला ए येतो.

मराठीत हाच खेळ अक्षरांऐवजी काना-मात्रेसकट सबंध अक्षरानं खेळतात. ‘ती होडी जाडी होती’, ‘रामाला भाला मारा’ ही वाक्यं शेवटाकडून एकेक अक्षर उचलत वाचा. ‘चिमा काय कामाची’ मात्र काटेकोर पाहिलं तर बसत नाही, एकीकडे ऱ्हस्व चि आहे आणि दुसरीकडे दीर्घ ची.

प्रश्न : नर्सिंगच्या पुस्तकात ‘स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम’ असा शब्द आला. छपाईत ‘स्यूडो’ दोनदा पडलं आहे का? — एक विद्यार्थिनी, मिरज

छपाई बरोबर आहे. ‘स्यूडो’ दोनदाच हवं. ३० अक्षरांचा हा खराखुरा वैद्यकीय शब्द आहे आणि तो शेवटाकडून सोलायचा असतो.

पॅराथायरॉइड म्हणजे गळ्यातल्या थायरॉइडलगतच्या चार छोट्या ग्रंथी. त्यांचा स्राव रक्तातलं कॅल्शियम सांभाळतो. हायपो म्हणजे कमी. स्राव कमी पडला की कॅल्शियम उतरतं, हातापायाला मुंग्या येतात, बोटं वाकडी होऊन आखडतात. तो हायपोपॅराथायरॉइडिझम. आता पहिला स्यूडो, म्हणजे भासमान. इथे ग्रंथी स्राव व्यवस्थित करते, पण शरीर त्याला दाद देत नाही. कॅल्शियम उतरतंच, शिवाय ठेंगणी चण, गोल चेहरा, तळहाताचं चौथं हाड आखूड अशी काही शारीरिक लक्षणं दिसतात. हे फुलर ऑलब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये मांडलं. पुढे १९५२ मध्ये ऑलब्राइट यांनीच असे रुग्ण वर्णिले की ज्यांची चण, चेहरा, हात सगळं तसंच, पण कॅल्शियम मात्र ठीक. म्हणजे भासमानाचाही भास. म्हणून दुसरा स्यूडो.

वॉर्डात याहून महत्त्वाचा आहे तो हायपो आणि हायपर यांतला फरक. हायपो कमी, हायपर जास्त. दोन्हींची सुरुवात एच-वाय-पी अशीच, फरक त्यानंतरच्या ओ आणि ई-आरचा. घाईच्या हस्ताक्षरात तेवढाच भाग पुसट होतो, आणि हायपोकॅल्सीमिया व हायपरकॅल्सीमिया यांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. शंका आली तर शब्दावर विसंबू नका, रिपोर्टमधला आकडा पाहा आणि डॉक्टरांना विचारा. तसंच टॉमी म्हणजे चिरा देणं, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑस्टॉमी म्हणजे कायमचं किंवा काही काळासाठी तोंड करून ठेवणं. ही तीन शेपटं पाठ असली की शस्त्रक्रियांची निम्मी नावं उलगडतात.

तुम्ही चिठ्ठीत दुसरा शब्द विचारला आहे तो न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्केनो-कोनिऑसिस. मूळ शब्दात रेघा नाहीत, आम्ही फोड दाखवायला घातल्या. अक्षरं आठ, पाच, अकरा, सहा, सात, आठ : बेरीज ४५. सुरुवातीचा पी लिहायचा, उच्चारायचा नाही. न्यूमोनो-ऐवजी न्यूमो लिहिलं की बेरीज ४३ येते, ही नेहमीची चूक. अर्थ, ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका-धुळीनं होणारा फुप्फुसाचा विकार. पण हा शब्द डॉक्टरांनी घडवलेला नाही. अमेरिकेतल्या शब्दकोड्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी १९३५ मध्ये तो सगळ्यांत लांब शब्द व्हावा म्हणून रचला. केसपेपरवर सिलिकोसिस एवढंच लिहितात. तो आजार मात्र अगदी खरा आहे. ओतकामाच्या साच्यांची वाळू आणि दगडाची बारीक भुकटी यांच्यासोबत काम करणाऱ्यांना तो होऊ शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही.

प्रश्न : एकही अक्षर दोनदा न येणारा सर्वांत लांब शब्द कोणता, आणि तो तपासायचा कसा? — एक वाचक, विटा

कोशात सहज सापडणारे दोन, दोन्ही पंधरा अक्षरांचे. अनकॉपीराइटेबल, म्हणजे ज्यावर स्वामित्वहक्क घेता येत नाही असं. आणि डर्मॅटोग्लिफिक्स : डी-ई-आर-एम-ए-टी-ओ-जी-एल-वाय-पी-एच-आय-सी-एस. डर्मा म्हणजे त्वचा, ग्लिफ म्हणजे कोरीव रेघ. बोटं, तळहात आणि तळपाय यांवरच्या रेघांच्या अभ्यासाला हॅरॉल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये हे नाव दिलं.

तपासताना वर्णमालेची २६ अक्षरं एका ओळीत लिहा आणि शब्दातलं एकेक अक्षर वाचत त्याच्याखाली टिंब द्या. एका अक्षराखाली दोन टिंबं पडली की शब्द बाद. शेवटी टिंबं मोजली की शब्दाची लांबीही कळते. नुसत्या नजरेनं पाहिलं तर दूर पडलेली जोडी हमखास निसटते.

डर्मॅटोग्लिफिक्सच्या नावानं बोटांचे ठसे घेऊन मुलांची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या महागड्या चाचण्या खपवतात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. या रेघा बाळ पोटात असतानाच ठरून जातात, मूल पुढे गणितात हुशार होईल की गाण्यात हे त्या सांगत नाहीत. तो पैसा वाचवा.

याच्या अगदी उलट, प्रत्येक अक्षर बरोबर दोनदा येणारे शब्दही शोधून पाहा. रीॲपिअर, टीममेट आणि इंटेस्टाइन्स, म्हणजे आतडी. शेवटच्यात आय, एन, टी, ई, एस, प्रत्येकी दोन.

प्रश्न : सर्वांत जास्त व्यंजनं सलग कोणत्या शब्दात येतात? — एक क्रिकेटप्रेमी, फलटण

तुमच्या मैदानावरच आहे. गोलंदाजाच्या मागे उभा करतात तो साइटस्क्रीन. एस-आय-जी-एच-टी-एस-सी-आर-ई-ई-एन, यात जी-एच-टी-एस-सी-आर अशी सहा व्यंजनं सलग. काही कोश तो दोन शब्दांत छापतात. अशी पळवाट नको असेल तर कॅचफ्रेज घ्या, टी-सी-एच-पी-एच-आर. अर्थ, एखाद्याच्या सतत तोंडी असलेलं ठरावीक वाक्य.

पण अक्षरं सहा असली तरी आवाज तितके नाहीत. साइटस्क्रीनमध्ये ट, स, क, र एवढेच चार उच्चारले जातात. मराठीतल्या ‘कार्त्स्न्य’ या शब्दात र, त, स, न, य ही पाच व्यंजनं खरोखर एकापाठोपाठ म्हणावी लागतात. अर्थ, पूर्णपणा.

स्वरांची रांग हवी असेल तर क्यूइंग, म्हणजे रांगेत उभं राहणं : क्यू-यू-ई-यू-ई-आय-एन-जी, मधले पाच स्वर सलग. दुसरा ई गाळलेलं स्पेलिंगही चालतं, पण मग स्वर चारच उरतात.

प्रश्न : ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ खरंच कोणी वापरतं का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोरेगाव

क्वचित, आणि तेही शब्दाच्या लांबीसाठीच. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवणं. १७४१ पासून तो लिखाणात सापडतो. लॅटिन व्याकरणात ‘किंमत शून्य’ अशा अर्थाचे चार शब्द एका यादीत शिकवत : फ्लॉकी म्हणजे लोकरीचं झुलूप, नॉकी म्हणजे क्षुल्लक वस्तू, निहिली म्हणजे काहीच नाही, पिली म्हणजे केस. चौघांना ओळीनं बांधून मागे ‘फिकेशन’ लावलं. सहा, पाच, सहा, चार, आठ : अक्षरं २९. त्यात आय नऊ वेळा येतो आणि ई एकदाही नाही. स्पेलिंग पाठ करायचं असेल तर या पाच तुकड्यांतच करा, आणि फ्लॉकीतला सी दोनदा लिहायला विसरू नका.